चौतीस की एकाहत्तर

मकरंदला स्वतःच्या मागच्या अकरा पिढ्या तोंडपाठ आहेत. आमचं लग्न ठरत होतं तेव्हा पहिल्याच भेटीत त्याने त्या मला म्हणून दाखवल्या, आणि तरीही मी होकार दिला. आता तो सहासष्ट वर्षांचा आहे, खांबेटे कुलमंडळाचा सचिव आहे, आणि वाईच्या आमच्या घरात बाहेरच्या खोलीतली एक अख्खी भिंत त्याच्या वंशवृक्षाने खाल्ली आहे. पडद्यावरच्या कुठल्याही पानाला बोट लावलं की तो पूर्वज बोलायला लागतो. मूळपुरुष विसाजीपंत तर यंत्राने घडवलेल्या आवाजात "आम्ही गुहागराहून घाट चढून वर आलो" हे असं काही सांगतात की मला दर वेळी एसटी स्टँडवरच्या घोषणेची आठवण होते.

हे आधी सांगितलं, कारण पुढे जो गोंधळ झाला त्यात या भिंतीचा मोठा वाटा आहे.

मी केतकी. तीसेक वर्षं नववी-दहावीला विज्ञान शिकवलं. मकरंद त्याच शाळेत गणिताला होता. निवृत्त झाल्यापासून तो नगरपालिकेच्या तलावावर मुलांना पोहायला शिकवतो. सकाळी पाण्यात उतरतो तो ऊन चढल्यावरच बाहेर येतो, आणि सुरकुतलेल्या बोटांनी पोह्यांवर लिंबू पिळत बसतो. या माणसाला पाण्याबाहेर काढलं तर काय उरेल, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. यंदा फेब्रुवारीत पडला.

वार्षिक तपासणीत त्याच्या रक्तातला पीएसएचा, म्हणजे प्रोस्टेट ग्रंथीची खबर देणारा, आकडा चढलेला निघाला. मग स्कॅन झालं, सुईने प्रोस्टेटचे बारीक तुकडे काढले, आणि त्यात कर्करोग सापडला. फार मोठा नाही, अगदी किरकोळही नाही. आमच्या वडीलधाऱ्यांच्या काळात अशा मधल्या प्रकाराला दोन डॉक्टर दोन सल्ले द्यायचे. एक म्हणायचा काढून टाका, दुसरा म्हणायचा थांबून बघा. पेशंटने मग देवापुढे कौल लावल्यासारखं काहीतरी ठरवायचं. आता मात्र 'वाटचाल' नावाची चाचणी आली आहे.

"प्रोस्टेटचा कॅन्सर हा काही एकच रोग नाही," साताऱ्याच्या रुग्णालयातल्या डॉ. फरीदा बागवान आम्हाला सांगत होत्या. जनुकांचा अर्थ लावून पेशंटला सल्ला देणं हे त्यांचं काम. वयाने आमच्या लेकीएवढ्या, बोलणं मात्र ठाम. "पुष्कळ पुरुषांमध्ये तो नुसता बसून राहतो. माणूस नव्वदीला भलत्याच कारणाने जातो, याने काहीच केलेलं नसतं. काहींमध्ये मात्र तो हाडांपर्यंत पोचतो. भिंगाखाली दोघंही जवळपास सारखे दिसतात. म्हणून आम्ही आता त्याच्या दिसण्यावर जात नाही. त्याचं वागणं बघतो."

हे वागणं म्हणजे काय, ते सांगते. जुनी खोड आहे, चालवून घ्या. शरीरातल्या बहुतेक प्रत्येक पेशीत आपली सगळी जनुकं असतात, पण प्रत्येक पेशीत त्यातली काही जागी असतात आणि काही झोपलेली. म्हणून तर डोळ्याची पेशी डोळ्याचं काम करते आणि यकृताची यकृताचं. 'वाटचाल' त्या गाठीतली काहीशे जनुकं किती जागी आहेत ते मोजते. मग ज्यांचं पुढे काय झालं ते माहीत आहे अशा लाखो पुरुषांच्या गाठींशी ते ताडून बघते, आणि शून्य ते शंभरमध्ये एक आकडा देते. चाळीसच्या खाली असाल तर सुरी लागत नाही, सहा महिन्यांनी तपासत राहायचं. साठच्या वर असाल तर वेळ घालवायचा नाही. शिवाय ती रक्तही वाचते, कारण काही माणसं एखादी उणीव जन्मतःच घेऊन आलेली असतात.

मकरंदचा आकडा आला बावन्न. आणि त्या आकड्याच्या डोक्यावर एक बारीक तारा.

"हा तारा कशाचा?" मकरंदने लगेच विचारलं. मुलांच्या वह्यांत त्याने अशीच टिंबं आणि फुल्या शोधल्या आहेत जन्मभर.

"डीएनए रोज कुठे ना कुठे तुटतो. त्याची डागडुजी करणारी जनुकं असतात," बागवान म्हणाल्या. "त्यातल्या एकाच्या तुमच्याकडे दोन प्रती आहेत, सगळ्यांकडे असतात तशा. त्यातल्या एका प्रतीत एक अक्षर बदललंय. ते बदलल्याने काही बिघडतं की नाही, हे आम्हाला माहीत नाही. जगभरच्या नोंदी चाळल्या. हे अक्षर दोघा-तिघांतच दिसलंय, आणि आपल्याकडचं त्यात कुणीही नाही."

"यंत्र काय म्हणतं?"

"निम्मं-निम्मं. म्हणून त्याने बावन्न दिलेत. ते अक्षर निरुपद्रवी धरलं तर तुमचा आकडा चौतीस. घातक धरलं तर एकाहत्तर."

चौतीस म्हणजे घरी जा, पोहा. एकाहत्तर म्हणजे ऑपरेशन आणि त्यानंतर लांबलचक औषधं. ऑपरेशनमध्ये प्रोस्टेटलगतच्या नसा दुखावल्या तर लघवीवरचा ताबा काही काळ जातो, क्वचित कायमचा. नवरा-बायकोचे संबंधही पहिल्यासारखे राहतीलच असं नाही. बागवानांनी हे माझ्याकडे आणि त्याच्याकडे सारखंच बघत, आवाज न पाडता सांगितलं. मला बाई आवडली.

मकरंद म्हणाला, "म्हणजे बावन्न हा आकडा खोटाच आहे. मी बावन्न असूच शकत नाही. एकतर चौतीस आहे, नाहीतर एकाहत्तर."

"अगदी बरोबर," बागवान हसल्या. "आणि त्यातले कोणते, ते तुमचे नातेवाईक सांगू शकतात. तेच अक्षर घेऊन तुमच्या घरात कुणी ठणठणीत म्हातारे झाले असतील, तर ते निरुपद्रवी. ज्यांच्यात अक्षर आहे तेच नेमके आजारी पडले असतील, तर घातक. गाठ सावकाश वाढणारी दिसतेय, दोन-तीन महिने शोधायला हरकत नाही. वडिलांकडचे, आईकडचे, मिळतील तेवढे म्हातारे आणा."

"वडील प्रोस्टेटच्या कॅन्सरनेच गेले," मकरंद म्हणाला. "तेव्हा त्यांच्याकडूनच आलेलं दिसतंय. आई मी नऊ वर्षांचा असताना गेली. तिकडे आमचं येणं-जाणं नाही. पण तुम्ही माणसांची काळजी करू नका. माझ्याकडे साडेचारशे आहेत."

बागवानांना तो विनोद वाटला.

परतताना आम्ही पाचवड फाट्यापाशी आलो. गाडी आपली आपण चालत होती, त्यामुळे त्याला हातांचं काय करावं ते कळत नव्हतं. मग खिडकीबाहेर बघत म्हणाला, "गळती घेऊन मी पोरांच्या पाण्यात उतरणार नाही हं, केतकी."

"कुणी सांगितलंय उतरायला?"

"आणि आपलं?"

"आपलं आपण बघू. मला तू हवा आहेस. सुटे भाग चालू आहेत की बंद, ते नंतर."

तो हसला. मी हसले नाही. मला भीती वाटत होती, आणि ती त्याला दिसू नये म्हणून मी घरी गेल्यावर उगाचच भांडी घासत बसले.

खांबेटे कुलसंमेलन दर तीन वर्षांनी भरतं. यंदा ते एप्रिलमध्ये चिपळूणच्या एका मंगल कार्यालयात होतं. कुलदेवतेची आरती, दहावी-बारावीच्या मुलांचं कौतुक, ज्येष्ठांना शाल-श्रीफळ, आणि मग मसालेभात-जिलबी, असा तो बेत असतो. मकरंदने सचिव म्हणून अहवाल वाचला. शेवटचं पान उलटून बाजूला ठेवलं आणि म्हणाला, "बंधूंनो, मला प्रोस्टेटचा कर्करोग झाला आहे. तुमच्याकडून थोडी मदत हवी आहे."

साठीच्या पुढचे सगळे पुरुष एकदम आपापल्या चपलांकडे बघायला लागले. पहिल्या रांगेत भाऊकाका बसले होते, मकरंदचे सख्खे काका, नव्वदीला टेकलेले. ते मुलाला म्हणाले, "काय म्हणाला तो?"

मुलाने कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगितलं, "प्रोस्टेट!"

"मग एवढा पडेल चेहरा करून काय सांगतो? माझी वीस वर्षं वाढलेली आहे! मी रात्रीतून चारदा उठतो, विचार हिला!"

काकूंनी पदर तोंडाला लावला आणि सभागृहात हशा फुटला. त्यानंतर जे काही झालं ते मी विसरणार नाही. एकेक काका, दादा, भावजी हळूच उठून मकरंदपाशी यायला लागले. खांद्यावर हात ठेवायचा, इकडेतिकडे बघायचं, आणि कानात काहीतरी सांगायचं. वर्षानुवर्षं बायकोलाही न सांगितलेल्या गोष्टी त्या दिवशी खांबेट्यांनी एकमेकांना सांगितल्या.

नमुने घ्यायचं काम माझ्याकडे होतं. नळीत थुंकायचं, झाकण लावायचं, झालं. पण हे लोक आमचे. आरतीच्या वेळचं सोवळं अजून न सोडलेले बापूकाका म्हणाले, "थुंकी द्यायची म्हणजे उष्टं द्यायचं. ते मी कुणाला देत नाही."

"काका, कुळाला देताय, परक्याला नाही," मकरंद म्हणाला. हे त्यांना पटलं. सोवळ्यातच त्यांनी नळी भरून दिली.

नियम असा होता की आधी अर्धा तास तोंडात काही घातलेलं नसावं. काही मंडळी मात्र जेवण उरकून, विडा चघळत निवांत आली आणि त्यांनी मला लालभडक नमुने दिले. ते मी सरळ परत केले. नागवेलीची जनुकं वाचायला आम्ही चिपळूणला गेलो नव्हतो.

तेवढ्यात उज्ज्वला आली. मकरंदची चुलतबहीण, सासर पेणचं. "दादा, आमची नको का?"

"नको गं," मकरंद म्हणाला. "पुरुषांचीच. पुरुषांचा रोग आहे हा."

मी शेजारीच बसून नळ्यांवर नावं चिकटवत होते. मीही मान डोलावली.

मे महिन्यात निकाल आला. बागवानांनी पडदा आमच्याकडे वळवला. "एकाही नमुन्यात ते अक्षर नाही."

मकरंदने टेबलावर थाप मारली. "म्हणजे कूळ स्वच्छ!"

"कूळ स्वच्छ आहे," बागवान म्हणाल्या. "भाऊकाकांत नाही, बापूकाकांत नाही, चुलतभावांत नाही. तुमच्या वडिलांच्या तपासणीचा जुना तुकडा रुग्णालयात जपून ठेवलेला होता, तोही मी मागवला. त्यात नाही. त्यांचा कॅन्सर त्यांचा वेगळा होता, तसा पुष्कळांना होतो." मग त्यांनी पडद्यावर मकरंदच्या नावावर बोट ठेवलं. "पण सर, तुमच्यात तर आहे ना?"

तीसेक वर्षं मी फळ्यावर मेंडेलचे वाटाणे काढले होते. उंच वाटाणा, बुटका वाटाणा. एक अक्षर इकडून, एक तिकडून. प्रत्येक वर्गात एखादा मुलगा विचारायचा, बाई, मग माझ्यात आईचं जास्त की बाबांचं? आणि मी दर वर्षी सांगायची, अरे, निम्मं-निम्मं. आणि मीच चिपळूणला बसून मान डोलावत होते.

"आई," मी म्हणाले. "मकरंद, हे तुझ्या आईकडून आलंय."

घरी आल्यावर तो भिंतीपुढे उभा राहिला. स्वतःच्या पानाला बोट लावलं, तिथून वडिलांच्या. वडिलांच्या पानाला चिकटून एक छोटा ठिपका होता: सौ. वसुधा, माहेरच्या बेहेरे. त्याने ठिपक्याला बोट लावलं. काही झालं नाही. तिला आवाज नव्हता, कारण तिच्याबद्दल यंत्राला कुणी काही सांगितलेलंच नव्हतं.

"वसुधा तर सासरचं नाव," मी म्हणाले. लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळात अंगठीने लिहायचं आणि बायकोने जन्मभर तेच वापरायचं, अशी त्यांच्या पिढीची रीत. "लग्नाआधी काय नाव होतं तिचं?"

"माहीत नाही," मकरंद म्हणाला, आणि मग तो रडला. विसाजीपंतांपर्यंतची सगळी नावं ज्याला पाठ आहेत, त्याला आईचं नाव माहीत नव्हतं. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. टोमणा अगदी ओठांवर आला होता, पण गिळला.

त्याला एक मामा होता, एवढं त्याला आठवत होतं. आई गेली, आणि वर्षाच्या आत वडिलांनी दुसरं लग्न केलं. मामा येऊन दारात उभं राहून वाटेल ते बोलला. वडिलांनी सांगितलं, पुन्हा या घरात पाऊल टाकायचं नाही. त्यानंतर त्याचं नावही कुणी काढलं नाही. मकरंदनेही नाही, कारण नवी आई प्रेमळ होती आणि तिला वाईट वाटलं असतं.

मामा शोधायला मला चहा उकळेपर्यंतचा वेळही लागला नाही. श्रीकांत बेहेरे, टिळकवाडी, बेळगाव. एवढं सोपं होतं, आणि पन्नासहून जास्त वर्षं कुणी केलं नव्हतं. मकरंदने फोन लावला.

"मी मकरंद बोलतोय. वाईहून. वसुधाचा..."

पलीकडून एक खणखणीत म्हातारा आवाज म्हणाला, "कुसुमचा मकरंद?"

असं आम्हाला तिचं नाव कळलं.

दोन दिवसांनी आम्ही बेळगावला गेलो. मामांनी स्वतः दार उघडलं. श्याऐंशीचे, पण पाठ ताठ, आणि हनुवटी हुबेहूब मकरंदची. मला तर क्षणभर वीस वर्षांनंतरचा नवरा बघितल्यासारखं झालं. "ये की आत. उभा काय राहिलास असा," ते म्हणाले, आणि मकरंद वाकायच्या आतच त्यांनी त्याला मिठी मारली.

टेबलावर कुंदा काढून ठेवलेला होता. "मामा, कुंदा नंतर," मी नळी पुढे केली. "आधी थुंका."

"बायको मास्तरीण दिसते तुझी," मामा म्हणाले आणि निमूटपणे थुंकले. मग हात पुसून समोर बसले. "विचार आता. काय विचारायचंय ते."

"आईला काय झालं होतं? आमच्याकडे सगळे म्हणायचे, पोटाचं काहीतरी झालं."

"पोटात पाणी झालं होतं तिच्या. अंडाशयाचा कॅन्सर. मिरजेच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलेलं, मी होतो की तिथं. छत्तीस वर्षांची होती रे. पण बायकांचं दुखणं तेव्हा कोण उघड बोलणार? तुझ्या वडिलांनी पोटाचं म्हणून सांगितलं, झालं. आमची धाकटी नलू, तिला छातीचा झाला. ती पन्नाशीत गेली."

मकरंदने माझ्याकडे बघितलं. दोघांनाही कळलं होतं आता काय येणार आहे.

"आणि मामा, तुम्ही?"

"मी? अठ्ठावन्नाव्या वर्षी प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं की माझं. वाईट जातीचा होता म्हणे. डॉक्टर म्हणाला, चार महिने उशीर केला असतात तर अवघड होतं."

"चौतीस गेलं," मकरंद हळूच म्हणाला. मी त्याचा हात धरला.

मामांना चौतीसचा अर्थ कळला नाही, पण चेहरा कळला. ते खुर्ची ओढून त्याच्या गुडघ्याला गुडघा लावून बसले. "तुलापण झालाय तोच?"

"हो."

"मी कळवायला पाहिजे होतं. माझ्या डॉक्टरांनी सांगितलेलं, नात्यातल्यांना सावध करा. पण तुमच्या घरात माझं नाव चालत नव्हतं. म्हटलं, फोन उचलणार नाहीत, उगाच अपमान." त्यांनी मकरंदच्या गुडघ्यावर हात ठेवला. "चुकलं माझं. अपमान झाला असता तर झाला असता."

मग मकरंदने तो प्रश्न विचारला, जो त्याने बागवानांना विचारला नव्हता, सर्जनला विचारला नव्हता, भाऊकाकांनाही नाही. "मामा, नंतर... ताबा राहतो का?"

"वर्षभर नाही राहिला," मामा म्हणाले. "डायपर लावून फिरलो मी. घरात तेव्हा नातू तान्हा होता. आमची ही दुकानात जाऊन म्हणायची, दोन मापाचे द्या. पुढं सुधारलं. आता जोरात हसलो की थोडं होतं अजून."

"मग काय करता?"

"काय करतो म्हणजे? म्हणून काय हसायचं नाही होय?"

आणि ते खरोखरच मोठ्याने हसले, आणि "आलोच हं" म्हणून आत गेले. मकरंदसुद्धा हसत होता. फेब्रुवारीपासून पहिल्यांदा मला त्याचं ते पूर्ण तोंडाचं हसू दिसलं. मी त्याला कुंद्याची वाटी दिली. त्याने ती संपवली आणि माझीही घेतली.

मामांच्या नळीत ते अक्षर होतं. नलूमावशीच्या मुलीने सोलापूरहून नमुना पाठवला, तिच्यातही होतं, आणि तिला वेळीच सावध करता आलं. बागवानांनी सगळा पुरावा लिहून पाठवला, आणि जगाच्या नोंदीत त्या अक्षरापुढचा 'अर्थ माहीत नाही' हा शेरा जाऊन 'घातक' असा शेरा लागला. मकरंदच्या आकड्यावरचा तारा निघाला. आकडा झाला एकाहत्तर.

"निदान आकडा तरी खरा आला," मकरंद म्हणाला.

"आणखी एक ऐका," बागवान म्हणाल्या. "हे अक्षर गाठीचंसुद्धा दुखणं आहे. तुमच्या चांगल्या पेशींकडे त्या जनुकाची एक धड प्रत शिल्लक आहे. गाठीने तीही गमावली आहे, मी तपासलं. ती आता डागडुजीच्या दुसऱ्या, कच्च्या वाटेवर दिवस काढतेय. एक गोळी आहे, ती नेमकी ती दुसरी वाट बंद करते. चांगल्या पेशी तगतात, गाठीच्या पेशी मोडतात. तारा असताना ही गोळी मी तुम्हाला देऊच शकले नसते."

जुलैत ऑपरेशन झालं. सप्टेंबरात मकरंद पुन्हा तलावावर गेला, पण पाण्यात नाही. काठावर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून शिट्टी वाजवायची, आणि मुलांवर नेहमीपेक्षा दुप्पट ओरडायचं. खुर्चीवर पातळ रबरी गादी असायची, आणि पिशवीत दुसरी पँट. एका मुलीने विचारलं, सर, तुम्ही का नाही येत? तो म्हणाला, "माझं ऑपरेशन झालंय, सध्या मला शू आवरत नाही." मुलगी म्हणाली, "माझ्या भावालापण," आणि तिने उडी मारली. घरी येऊन त्याने मला हे तीनदा सांगितलं.

आमची लेक ओवी नाशिकला असते. बापाचं अक्षर तिच्यात उतरलं असण्याची शक्यता निम्मी होती. आठवडाभर मी नीट जेवले नाही. तिच्या निकालासाठी आम्ही तिघंही बागवानांकडे गेलो.

"नाही," बागवान दारातच म्हणाल्या, आम्ही बसायचीही वाट न बघता. "ओवीत ते अक्षर नाही."

मी खुर्चीत बसले आणि मला रडूच आलं. मकरंदने ओवीच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तसाच ठेवून उभा राहिला. बागवानांनी आम्हाला थोडा वेळ दिला, मग पडद्यावर ओवीची वंशावळ काढली. बापाकडची बाजू गच्च भरलेली. विसाजीपंत तर होतेच, पण आता कुसुम बेहेरे होती, तिचा आजार आणि तिचं वय होतं, नलूमावशी होती, मामा होते.

"ही बाजू झाली," बागवान माझ्याकडे वळून म्हणाल्या. "आता तुमच्याकडचं सांगा."

"आमच्याकडे कुणाला काही नाही," मी डोळे पुसत म्हणाले. सहा महिने मी या माणसाला चिडवत आले होते, त्यामुळे मला जरा अभिमानच होता. "माझी आई चौऱ्याऐंशीची आहे, ठणठणीत."

"तिची आई?"

"ती माझ्या जन्माआधीच गेली. म्हातारपणाने."

"किती वर्षांची होती?"

मी मनातल्या मनात हिशेब केला. आजी गेली तेव्हा आई कॉलेजात होती, आणि आई तर थोरली. मी हिशेब पुन्हा केला. उत्तर तेच येत होतं. "फार तर पंचेचाळीस," मी म्हणाले.

"आई," ओवी म्हणाली, "पंचेचाळीस?"

"आमच्या घरी सगळे असंच सांगायचे."

"नाव काय होतं तिचं?"

मी तोंड उघडलं. घरात तिला कऱ्हाडची आजी म्हणायचे. मी तोंड मिटलं. मकरंद माझ्याकडे टक लावून बघत होता. त्याच्या ओठांचा कोपरा हलला, मग खांदे हलले, आणि मग तो असा हसला की बागवानांच्या टेबलावरची पेनं हलली. "केतकी," तो पोट धरून म्हणाला, "हसवू नकोस गं, पँट एकच आणलीय."

मी तिथूनच आईला फोन लावला. "आई, तुझ्या आईचं नाव काय होतं गं? माहेरचं?"

पलीकडे आईने आधी टीव्हीचा आवाज बंद केला.

"मथुरा," आई म्हणाली. "मथू म्हणायचे तिला." मग तिनेच विचारलं, "तिला काय झालं होतं, तेही सांगू का? आजवर कुणी विचारलंच नाही."